पैसे नाहीत, वेळ आहे: नकाशा, भाषांतर की कॉम्प्युटर?

देणगी द्यायला जमत नाही, पण महिन्याला चार-पाच तास नक्की काढू शकते, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी हे लिहितेय. आरोग्याचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना घरबसल्या मदत करायची तर नकाशे, भाषांतर किंवा कॉम्प्युटरची ताकद, यातलं काय निवडायचं?

माझा कौल आधीच सांगते. लॅपटॉप असेल तर नकाशा.

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेत, गिनी देशातल्या गेकेडू भागात इबोला पसरला, तेव्हा 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय संस्थेच्या पथकाला तिथले धड नकाशेच मिळेनात. नकाशा नसला की रुग्णाने गावाचं नाव सांगूनही ते गाव शोधायचं कुठे, हा प्रश्न उरतो. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येईल अशा खुल्या नकाशाच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रं बघून रस्ते आणि घरं काढून दिली. त्याच वर्षी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने रेडक्रॉस वगैरेंच्या साथीने 'मिसिंग मॅप्स' हा असे नकाशे काढण्याचा उपक्रम सुरू केला. घरं किती ते कळलं की माणसांचा अंदाज येतो आणि लसीचे डोस किती न्यायचे ते ठरवता येतं. गावांची, वस्त्यांची नावं नंतर तिथलीच माणसं भरतात.

काम असं असतं: टास्किंग मॅनेजर या काम वाटून देणाऱ्या वेबसाइटवर नकाशाचा एक चौकोन आपल्याकडे घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक छपराच्या कोपऱ्यांवर क्लिक करत जायचं. 'क्यू' दाबलं की कोपरे काटकोनात येतात, गोल झोपडीला 'ओ'. सुरुवातीला मी गुरांची गोल कुंपणंही घरं म्हणून काढली होती. तपासणाऱ्याने चौकोन परत पाठवला आणि सावली बघायला सांगितलं. छपराची सावली एका बाजूला जमिनीवर पडते, कुंपणाच्या आत मात्र उघडी माती दिसते. तेव्हापासून मी आधी सावली शोधते. एक पथ्य पाळायचं: गूगल मॅप्सवरून काहीही उतरवायचं नाही, परवाना नाही.

फक्त फोन असेल तर मॅपस्वाइप हे ॲप घ्या. छायाचित्रात घरं दिसली तर टॅप करायचं, बस. रिकामं रान असं आधीच बाजूला काढलं की नकाशा काढणाऱ्यांचे तास वाचतात.

भाषेवर पकड असेल तर क्लियर ग्लोबल या भाषांतर करणाऱ्या संस्थेकडे काम मागता येतं. 'निर्जलीकरण' लिहिलं तर आजारी मुलाच्या आईला काय कळणार? 'अंगातलं पाणी कमी होणं' लिहा. ओआरएसच्या पुडीला आपल्याकडे 'जलसंजीवनी' म्हणतात, हे मराठी माणसालाच सुचेल. फक्त मराठीचं काम सतत मिळेलच असं नाही आणि मुदत पाळावी लागते. मधल्या काळात मराठी विकिपीडियावरचे आजारांचे लेख संदर्भ देऊन सुधारा, तेही तितकंच मोलाचं आहे.

कॉम्प्युटर जोडून देणं, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरची रिकामी ताकद इंटरनेटवरून संशोधनाच्या आकडेमोडीला वापरू देणं, सगळ्यात सोपं. त्यासाठी २००४ मध्ये आयबीएमने सुरू केलेलं वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड आता टोरांटोच्या क्रेंबिल संशोधन संस्थेकडे आहे. पण १०० वॅटचा कॉम्प्युटर १० तास चालला की एक युनिट वीज गेली. म्हणजे बिल तुम्हीच भरणार. घर एकट्याच्या पगारावर चालत असेल तर हे करू नका.

नकाशा निवडलात तर पहिल्या बैठकीला दोन तास मोकळे ठेवा, 'सोपा' अशी खूण असलेला प्रकल्प घ्या आणि माउस वापरा. टचपॅडवर कोपरे नीट साधत नाहीत.