भाचीसाठी घेतलेला सेकंडहँड लेडीज हाफ सेट: कॉलेजच्या अमॅच्युअर पोरीला प्रो होईपर्यंत पुरतो का?

भाची बेळगावात टिळकवाडीत कॉलेजला आहे, गोल्फ खेळते, सध्या अमॅच्युअर म्हणजे हौशी, आणि पुढं प्रो, म्हणजे पैशासाठी खेळणारी, व्हायचं हे तिनं मनात पक्कं केलंय. तिच्यासाठी पुण्याच्या एका विक्रेत्याकडनं वापरलेला लेडीज हाफ सेट मागवला होता, तो आता भरपूर वापरून झाला म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्यांच्या पोरी ह्या खेळात उतरल्यात त्यांनी जरूर वाचा. आपल्याकडं गोल्फ म्हटलं की लोकांना ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगराकडनं गोल्फ कोर्सात शिरलेला बिबट्या, बंद ठेवलेल्या शाळा आणि शोधायला आणलेले हत्ती एवढंच आठवतं, पोरीसाठी क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, कुठला घ्यावा हे सांगणारं माणूस काही सहज भेटत नाही.

सेटमध्ये ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब), फाइव्ह वूड, एक हायब्रिड, सेव्हन आणि नाइन आयर्न (मधल्या अंतराला), पिचिंग वेज, सँड वेज (दोन्ही जवळच्या उंच शॉटला), पटर (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल लोटायला) आणि खांद्यावर घ्यायची स्टँड बॅग. बॅगेसकट सतरा हजार पडले. नियमानं बॅगेत १४ क्लब चालतात, इथं आठच आहेत, पण शिकताना त्याचा फायदाच होतो असं माझं मत झालंय. एट आयर्न नाही म्हटल्यावर मधलं अंतर सेव्हन आवरून मारून काढायचं नाहीतर नाइन पूर्ण ताकदीनं, आणि त्या नादात पोरीच्या हाताला अंतराचा असा काही अंदाज आला की आता पूर्ण सेट असलेल्या पोरी क्लब निवडत उभ्या असतात तोवर हिचा शॉट मारून झालेला असतो.

आता माल कसा होता. फोटोत चकचकीत दिसत होता, हातात आल्यावर ग्रिप, म्हणजे धरायच्या रबरी मुठी, सगळ्या कडक आणि गुळगुळीत. रबर जुनं झालं की असं होतंच, पण विक्रेत्यानं आधी सांगायला पाहिजे होतं, तो फोनवर 'एकदम ओके कंडिशन' एवढंच म्हणत राहिला. आपल्या पावसात असल्या ग्रिपनं खेळायचं म्हणजे क्लब हातातनं निसटून पुढं जायचा. मग नव्या ग्रिप मागवल्या आणि घरीच बसवल्या. काम अवघड नाही, फक्त घाई चालत नाही. कटरनं जुनी ग्रिप उभी चिरायची (पातं कायम आपल्यापासून लांबच्या दिशेनं), खालची जुनी टेप खरवडून काढायची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर, गुंडाळायची, नव्या ग्रिपच्या टोकाचं भोक बोटानं दाबून आत थोडं थिनर ओतायचं, हलवायचं, तेच थिनर टेपवर सोडायचं आणि एका दमात ग्रिप आत सरकवायची. मधे थांबलात की ती तिथंच बसली. बसल्यावर लगेच क्लब जमिनीला टेकवून ग्रिपवरची खूण सरळ आहे का बघून घ्यायची, वाकडी असेल तर तेवढ्यातच फिरवता येते. रात्रभर सुकू द्यायचं. सगळ्या ग्रिप बदलल्यावर सेटच नवा वाटायला लागला, फक्त तो खर्च सतरा हजाराच्या वर धरा.

सँड वेजच्या तोंडावरच्या खाचा झिजलेल्या होत्या. हे तपासायला काही लागत नाही, नख फिरवायचं, अडकलं तर ठीक, सुळकन सरकलं तर खाचा गेल्या. खाचा गेल्या की बॉल ग्रीनवर पडल्यावर थांबत नाही, पळतो. तो वेज आम्ही बदलला. पटर मात्र उत्तम निघाला, ३३ इंची, तिच्या उंचीला नेमका.

आणि पटर, वेज ह्याच दोन गोष्टींवर पैसे घालायला मागं बघू नका असं मी कळकळीनं सांगेन. बंगळूरची अदिती अशोक आठवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये, ती चौथी आली, ब्राँझ एका शॉटनं हुकलं. ड्रायव्हरच्या अंतरात ती तिथं मागच्या पोरींत होती आणि पटिंगमध्ये सगळ्यांच्या पुढं. तिची आई तिची कॅडी होती, म्हणजे बॅग घेऊन साथ देणारी. त्या शनिवारी पहाटे उठून आमच्या घरात सगळे टीव्हीसमोर बसले होते, ज्यांना बर्डी म्हणजे काय हे ठाऊक नाही तेसुद्धा. भाचीचं गोल्फ खरं तर तिथनंच सुरू झालं. रोज रात्री हॉलमधल्या जाजमावर हा पटर घेऊन बसते, आम्ही जेवायला हाका मारून दमतो.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप करतोय. 'लेडीज' असं लिहिलेला सेट म्हणजे एल फ्लेक्सची, म्हणजे मऊ, जास्त वाकणारी शाफ्ट. सुरवातीला ती छान, कमी ताकदीतसुद्धा बॉल उचलला जातो आणि पोरीचा उत्साह टिकतो. पण शाफ्ट किती कडक पाहिजे हे स्विंगच्या वेगावर ठरतं, बाई का पुरुष ह्याच्यावर नाही. ढोबळ हिशोब असा की ड्रायव्हरचा वेग ताशी ७५ मैलांच्या आत असेल तर एल, ७५ ते ८५ ला ए (थोडी कडक) आणि त्याच्या पुढं आर (अजून कडक). एलपीजीएवर, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या प्रो टूरवर, खेळणाऱ्या पोरींचा सरासरी वेग ९४ च्या आसपास असतो. म्हणजे जी पोरगी प्रो व्हायची भाषा करते तिला हा ड्रायव्हर एक ना एक दिवस अपुरा पडणारच.

आमच्याकडं तेच झालं. कॉलेजच्या जिममध्ये जायला लागल्यावर तिची ताकद वाढली आणि ड्रायव्हरचे शॉट उंच जाऊन डावीकडं वळायला लागले. घरच्यांना वाटलं पोरीचं लक्ष उडालंय. ती मात्र ठाम होती, "मामा, माझं काय चुकत नाही, मी तसंच मारतो, काठीच वाकते, तू बघ की व्हिडिओ." मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघितलं तर बॉलला लागायच्या आधी शाफ्ट अशी वाकत होती की क्लबचं तोंडच बंद होत होतं. ओळखीच्या एकांचा आर फ्लेक्सचा ड्रायव्हर तिला थोडा आखूड धरून मारायला दिला तर बॉल सरळ. त्यामुळं पोरीचे शॉट अचानक बिघडले तर तिला बोल लावायच्या आधी शाफ्ट तपासा ही माझी हात जोडून विनंती आहे, चांगल्या चांगल्या पोरी ह्याच कारणानं कंटाळून खेळ सोडत असतील असं वाटून वाईट वाटतं. आयर्न आणि हायब्रिड मात्र तिला अजून चालतात.

तुम्ही म्हणाल सेटच्या रिव्ह्यूत प्रोचा विषय कशाला. तर पैसे कुठल्या टप्प्याला किती घालायचे हे कळायला तो रस्ता माहीत पाहिजे. अमेरिकेची रोझ झँग बघा. स्टॅनफर्डकडनं कॉलेजात खेळताना तिनं २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा एनसीएएची, म्हणजे तिथल्या कॉलेजांची, वैयक्तिक चँपियनशिप जिंकली, असं दोनदा जिंकणारी ती पहिली बाई. त्यानंतर लगेच प्रो झाली आणि जून २०२३ मध्ये प्रो म्हणून पहिल्याच एलपीजीए स्पर्धेत प्लेऑफमध्ये जेनिफर कपचोला हरवून जिंकली. पदार्पणात असं जिंकणं १९५१ नंतर कुणाला जमलं नव्हतं. आणि एवढं होऊनही डिग्री तिनं सोडली नाही! आमच्या ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, मी सगळ्यात जास्त वेळा हेच सांगितलंय, कारण घरात रोजचा वाद तोच, की खेळ का शिक्षण.

आपल्या इथला रस्ता वेगळा. इथं कॉलेजचं गोल्फ म्हणजे स्टॅनफर्डसारखी टीम, कोच, मैदान नाही, पोरीनं आयजीयूच्या (इंडियन गोल्फ युनियनच्या) अमॅच्युअर स्पर्धा खेळत हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा, खाली आणायचा; तो जितका कमी तितका खेळ चांगला. पण हिरो वुमेन्स प्रो गोल्फ टूर ह्या आपल्या देशातल्या बायकांच्या प्रो टूरच्या स्पर्धांत अमॅच्युअर पोरींना प्रो पोरींच्या बरोबरीनं खेळायला मिळतं, बक्षिसाचे पैसे मिळत नाहीत तेवढंच. बंगळूरची अवनी प्रशांत अमॅच्युअर असतानाच ह्या टूरवर जिंकली होती, नंतर प्रो झाली. म्हैसूरची प्रणवी उर्स २०२२ ला त्या टूरच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे वर्षभराच्या क्रमवारीत, पहिली आली. दोघी आपल्याच राज्यातल्या. शिवाय २०२२ पासून अमॅच्युअरचे नियम सैल झालेत, स्पॉन्सर घेतला म्हणून अमॅच्युअर दर्जा जात नाही, हे फार जणांच्या कानावर गेलेलं नाही. त्यामुळं पहिली वर्षं सेटवर लाखभर घालण्यापेक्षा असा हाफ सेट घ्या आणि उरलेले पैसे एन्ट्री फी, प्रवास, राहणं ह्याला ठेवा. बेळगावहून बंगळूर पाचशे किलोमीटर, सगळा खर्च तिथंच होतो.

प्रवासाला हा सेट फार सोयीचा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये खालच्या बर्थखाली बॅग आडवी बसते, ड्रायव्हरच्या डोक्याला जाड मोजा घालायचा म्हणजे धक्का लागत नाही. आणि आठ क्लब असल्यानं पूर्ण १८ होल पोरगी बॅग स्वतः उचलून चालते. पावसाळ्यात घरी आल्या आल्या क्लब पुसून बॅगेच्या बाहेर उभे करा, वेजला लगेच तांबेरा धरतो.

माझे पाचपैकी चार स्टार. एक कापला तो ग्रिपचा आणि वेजचा. घेताना विक्रेत्याकडनं तीन गोष्टी व्हिडिओवर मागून घ्या: ड्रायव्हर कानाशी हलवून आतून खडखड येते का, वेजच्या खाचा जवळनं, आणि शाफ्टवरचं फ्लेक्सचं अक्षर. पोरगी आधीच अंगानं दणकट असेल तर ए फ्लेक्सचा ड्रायव्हर असलेला सेट शोधा, नाहीतर पुरुषांचा आर घेऊन जाणकाराकडनं लांबी बसवून घ्या.

पोरगी डावखुरी असेल तर वापरलेला सेट मिळायला वेळ लागेल, महिनोन् महिने नजर ठेवावी लागते. पण म्हणून तिला उजव्या हातानं खेळायला लावू नका. दीक्षा डागर डावखुरी आहे, ऐकायला कमी येतं, आणि २०१९ मध्ये प्रो झाल्या झाल्या तिनं साऊथ आफ्रिकन विमेन्स ओपन जिंकली. सेट मिळेपर्यंत नुसता एक डावा सेव्हन आयर्न आणि पटर घेऊन द्या, सुरवात तेवढ्यावर होते.