बिघाडाची बातमी येणार कशी: पोलिंग, ट्रॅप की स्ट्रीमिंग टेलिमेट्री?

नेटवर्कवर लक्ष ठेवणारी यंत्रणा घ्यायची ठरली की समोर येणाऱ्या माहितीपत्रकांत रंगीत डॅशबोर्ड असतात आणि पानोपानी ‘रिअल-टाइम’ लिहिलेलं असतं. निवड मात्र एका साध्या प्रश्नावर ठरते. राउटर किंवा स्विच बिघडला, तर ते तुम्हाला कळतं कसं? यंत्रणा प्रत्येक उपकरणाला ठरावीक वेळाने विचारत राहते (हेच पोलिंग), की उपकरणं आपणहून कळवतात? नेटवर्क सुरळीत असताना दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या दिसतात. त्यामुळे इथली तुलना नेटवर्क पडलेलं असतानाची आहे.

विचारत राहणं

सर्वांत जुनी सोय पिंगची. माइक म्यूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं, आणि पाणबुडीच्या सोनारचा आवाज हेच त्याचं नाव झालं. हाक मारायची, प्रतिसाद आला की उपकरण जिवंत. पण जिवंत आहे म्हणजे ठीक आहे असं नाही, म्हणून १९८८ मध्ये एसएनएमपी हे उपकरणांची स्थिती विचारण्याचं प्रोटोकॉल आलं. पोर्ट चालू आहे का, त्यावरून किती बाइट गेले, किती पॅकेट खराब आली, हे सगळं त्यातून विचारता येऊ लागलं. तेव्हा ते तात्पुरतं मानलं गेलं होतं. पुढे ओएसआय या आंतरराष्ट्रीय मानकांच्या संचातलं सीएमआयपी त्याची जागा घेणार होतं. सीएमआयपी आज शोधावं लागतं, आणि एसएनएमपी प्रिंटरपासून यूपीएसपर्यंत सगळीकडे सापडतं.

पोलिंगचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यात गप्प राहण्यालाही अर्थ असतो. विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर काहीतरी बिघडलंय एवढं नक्की कळतं. उपकरणाची वीज गेली, ते हँग झालं किंवा मधली केबल तुटली, तरी यंत्रणेला पत्ता लागतो. एखादं पॅकेट हरवलं म्हणून खोटी हाकाटी होऊ नये यासाठी सलग दोन-तीन वेळा उत्तर चुकलं तरच अलार्म द्यायचा, एवढी काळजी घेतली की झालं.

दोष दोन आहेत. पहिला वेळेचा. पाच मिनिटांनी एकदा विचारत असाल, तर मधली पाच मिनिटं तुम्ही आंधळे असता. शिवाय जो आकडा मिळतो तो सरासरीचा. समजा, लिंक एरवी २० टक्के वापरात आहे आणि मध्येच दहा सेकंद ती १०० टक्के भरली. पाच मिनिटांच्या आलेखात तो आकडा दिसतो जेमतेम २३ टक्के. त्या दहा सेकंदांत ज्यांचे कॉल तुटले ते तक्रार करतात, आणि आलेख दाखवून तुम्ही म्हणता, ‘लिंक तर मोकळी आहे!’

दुसरा दोष काउंटरचा, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. बाइट मोजणारा जुना ३२ बिटांचा काउंटर १ गिगाबिटच्या पूर्ण भरलेल्या लिंकवर साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांत तो किती वेळा फिरला हे कुणालाच कळत नाही आणि आलेख खुशाल खोटं बोलतो. उपाय म्हणजे ६४ बिटांचे काउंटर, आणि ते एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत नाहीत. दुसऱ्या आवृत्तीतही कम्युनिटी स्ट्रिंग म्हणजे पासवर्डच, साध्या मजकुरात तारेवरून जातो. २००२ मध्ये प्रमाणित झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख-पडताळणी आणि एन्क्रिप्शन आलं. नवी मांडणी करत असाल तर सुरुवात तिथूनच करा.

आपणहून कळवणं

ट्रॅप हाही एसएनएमपीचाच भाग, फक्त उलट दिशेचा. पोर्ट पडला की स्विच त्याच क्षणी देखरेखीच्या यंत्रणेकडे यूडीपी या पोचपावती न मागणाऱ्या पद्धतीने, १६२ क्रमांकाच्या पोर्टवर (हा पोर्ट केबलचा नव्हे, सॉफ्टवेअरमधला) निरोप धाडतो. पाच मिनिटांची वाट नाही, उगाच विचारपूस नाही. कागदावर हे पोलिंगपेक्षा सरसच वाटतं.

अडचण अशी की निरोप पोचला की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाही. पाठवणारा मेला तर निरोपच निघत नाही. आणि पुष्कळदा निरोप ज्या लिंकवरून जायचा, तीच लिंक तुटलेली असते. त्यामुळे फक्त ट्रॅपवर विसंबलेल्या यंत्रणेत शांतता म्हणजे सगळं आलबेल, किंवा सगळंच बंद. दोन्ही सारखंच दिसतं. पोचपावती मागणारा ‘इन्फॉर्म’ दुसऱ्या आवृत्तीपासून आहे, पण मेलेल्या उपकरणाला त्याचाही उपयोग नाही. ओएनटीसारख्या (फायबरच्या ग्राहकाच्या घरी बसवलेली पेटी) काही उपकरणांत ‘डाइंग गॅस्प’ नावाची युक्ती असते. वीज गेली की कपॅसिटरमध्ये उरलेल्या ऊर्जेवर ते ‘माझी वीज गेली’ एवढा एकच संदेश पाठवून बंद पडतं. फायबर तुटलीय की नुसती ग्राहकाकडची लाइट गेलीय, हे त्यावरून कळतं आणि तंत्रज्ञाची एक फेरी वाचते. मला ही युक्ती फार आवडते, पण ती सगळीकडे मिळत नाही.

सिस्लॉगलाही, म्हणजे उपकरणं पाठवत असलेल्या घडामोडींच्या नोंदींनाही, याच रांगेत बसवतो. त्यात माणसाला वाचता येईल असा मजकूर असतो, म्हणून बिघाडाचं कारण शोधताना तो ट्रॅपपेक्षा कामाला येतो. मात्र ० ते ७ अशी तीव्रतेची जी पातळी असते (० सर्वांत गंभीर), ती उपकरण बनवणाऱ्याने ठरवलेली असते. त्याला गंभीर वाटलेलं तुम्हाला गंभीर असेलच असं नाही.

सतत पाठवत राहणं

स्ट्रीमिंग टेलिमेट्रीत तुम्ही उपकरणाकडे एकदा वर्गणी नोंदवता: या पोर्टचे हे आकडे दर दहा सेकंदांनी पाठव, आणि पोर्टची स्थिती बदलली की लगेच कळव. जीएनएमआय हा त्यासाठीचा आज सर्वाधिक चर्चेतला मार्ग. तो जीआरपीसी या प्रोग्रामांमधल्या संवादाच्या पद्धतीवर चालतो आणि माहितीची रचना यांग या भाषेत लिहिलेल्या मॉडेलने ठरते. जोडणी टीसीपीची, त्यामुळे हरवलेलं पुन्हा पाठवलं जातं. आकड्यावर वेळेचा शिक्का उपकरणच मारतं. दर दहा सेकंदांनी येणारा आकडा थांबला, तर ती शांतता पोलिंगसारखीच बोलकी ठरते. ‘बदललं तरच कळव’ या प्रकारात मात्र ट्रॅपचा जुना दोष परत येतो. तिथे हार्टबीटची, म्हणजे काही बदललं नाही तरी ठरावीक वेळाने कळवण्याची, मुदत लावायला विसरू नका.

किंमत साठवणीत मोजावी लागते. ४८ पोर्टचा एक स्विच घ्या, प्रत्येक पोर्टचे २० आकडे. पाच मिनिटांच्या पोलिंगमध्ये दिवसाला सुमारे पावणेतीन लाख नोंदी होतात. दहा सेकंदांच्या स्ट्रीमिंगमध्ये सुमारे ८३ लाख. हा एकच स्विच झाला. त्यात जुनी आणि स्वस्त उपकरणं जीएनएमआय ओळखतच नाहीत, म्हणजे एसएनएमपी तरीही ठेवावंच लागतं. ओपनकॉन्फिग या गटाची सर्व उत्पादकांसाठी सामाईक मॉडेल्स आहेत, पण तुम्हाला हवा तो आकडा नेमका उत्पादकाच्या स्वतःच्या मॉडेलमध्येच असण्याची शक्यता भरपूर.

‘आम्हाला सेकंदाच्या आत कळायला हवं’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कळून करणार काय? माणूस तेवढ्यात उठून खुर्चीपर्यंतही पोचत नाही. ट्रॅफिक दुसऱ्या वाटेने वळवायची असेल तर ते काम राउटरचं आहे, आणि त्यासाठी बीएफडी हा शेजारचा राउटर जिवंत आहे का हे सतत तपासणारा प्रोटोकॉल आहे. ५० मिलिसेकंदांनी एक पॅकेट, सलग तीन चुकली की १५० मिलिसेकंदांत शेजारी पडल्याचं ठरतं. ओएसपीएफ हा मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल आपल्या नेहमीच्या सेटिंगवर त्यासाठी ४० सेकंद घेतो. डळमळीत रेडिओ लिंकवर मात्र बीएफडी इतका घट्ट लावू नका, मार्ग दिवसभर वर-खाली होत राहतील.

अलार्मचा पूर आला की

मुख्य फायबर तुटली की पलीकडची शंभर उपकरणं एकदम लाल होतात. बातमी कशी आली यापेक्षा या शंभरांतली खरी कुठली, हे तेव्हा महत्त्वाचं ठरतं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे कोण कुणाच्या मागे आहे हे यंत्रणेला सांगणं. नॅगिऑस हा देखरेखीचा प्रोग्राम असं करून ‘बंद’ आणि ‘पोचता येत नाही’ यांत फरक करतो. छोट्या, झाडासारख्या फांद्यांच्या नेटवर्कला एवढं पुरतं, फक्त नोंद ताजी हवी; एलएलडीपीवरून (उपकरणं शेजाऱ्याला आपली ओळख सांगतात तो प्रोटोकॉल) ती आपोआप भरता आली तर उत्तम. डेटा सेंटरमध्ये प्रत्येक ठिकाणी पोचायला चार वाटा असतात, तिथे हे झाड मोडतं.

त्यापुढचा, माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत देखणा शोध शाउला आणि येकियाम येमिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १९९० च्या दशकात त्यांनी कोडबुक पद्धत मांडली. प्रत्येक संभाव्य बिघाडाने कोणकोणती लक्षणं उमटतील याचा तक्ता आधीच करायचा. म्हणजे प्रत्येक बिघाडाला शून्य-एकांची एक खूण मिळते. प्रत्यक्ष आलेल्या अलार्मांची ओळ ज्या खुणेच्या सर्वांत जवळ, तो बिघाड. एखादा अलार्म वाटेत हरवला तरी उत्तर बहुधा बरोबर येतं, आणि ट्रॅप हरवतात हे वर आलंच आहे. ‘हे झालं तर ते समज’ अशा हाताने लिहिलेल्या नियमांत ही लवचिकता नसते, आणि नियम वाढत जातात तसे ते सांभाळायला वेगळा माणूस लागतो.

आता बिघाडाची बातमी ज्या वाटेने येते, तिचा प्रश्न. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या एका आदेशाने त्यांचं बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटरांना जोडणारं मुख्य नेटवर्क, तुटलं, आणि दुरुस्तीसाठी राखलेली वेगळी वाटही त्या वेळी चालली नाही. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. म्हणून देखरेखीची वाट मुख्य नेटवर्कपासून खरोखर वेगळी आहे का, हे नकाशावर नाही, तोडून पाहावं.

काही डझन उपकरणं आणि दोन माणसं असतील, तर एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीने एक-दोन मिनिटांचं पोलिंग, जोडीला ट्रॅप आणि सिस्लॉग घ्या, आणि उरलेले पैसे वेगळ्या वाटेवर घाला. उपकरणं शेकड्यांनी असतील आणि काही सेकंदांची गर्दी शोधणं हे रोजचं काम असेल, तर फक्त मुख्य लिंकांना स्ट्रीमिंग लावा, बाकी पोलिंगवरच राहू द्या. खरेदीआधी विक्रेत्याला तुमच्याच स्विचवर चाचणी करायला लावा: एकदा अपलिंकची (मुख्य नेटवर्ककडे जाणारी) केबल काढा, एकदा स्विचची वीज बंद करा, आणि दोन्ही वेळा पडद्यावर काय येतं, किती सेकंदांनी येतं आणि एकच अलार्म येतो की चाळीस, हे लिहून ठेवा.