मामांसाठी काय: छातीचा एक्स-रे की लो-डोस सीटी?

मामा ५८ वर्षांचे. उभी हयात निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत गेली, आणि बिडीचं बंडल खिशातून कधी हललं नाही. "खोकला नाही, दम नाही, मग तपासणी कशाला?" असं ते विचारतात. पण फुप्फुसाच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग, म्हणजे आजार आधीच हुडकायची तपासणी, असतं ते त्रास नसलेल्यासाठीच.

एक्स-रे स्वस्त, निपाणीतच होतो, दिवस मोडत नाही. त्याचं कौतुक इथंच संपतं. बरगडीआड किंवा हृदयामागं दडलेली बारकी गाठ त्यात सहज सुटते. वर 'क्लिअर' असा रिपोर्ट आला की मामा त्या आनंदात आणखी एक पेटवणार.

लो-डोस सीटीत, म्हणजे कमी किरणांच्या सीटी स्कॅनमध्ये, काही मिलिमीटरची गाठही दिसते. इंजेक्शन नाही, काही सेकंद श्वास रोखायचा, झालं. अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त जुन्या-नव्या धूम्रपानकऱ्यांचे दोन गट केले, एकाची सीटी आणि दुसऱ्याचा एक्स-रे, वर्षाला एक असं तीनदा करून पाहिलं. २०११ साली निकाल आला : सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी.

आता दुसरी बाजू. त्याच अभ्यासात सीटीवर संशय आलेल्यांपैकी ९६ टक्के वेळा कॅन्सर नव्हताच. आपल्याकडं तर जुन्या टीबीचे व्रण घेऊन फिरणारे कितीतरी. म्हणजे पुन्हा सीटी, क्वचित बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं), आणि तोवर घरात कुणाला झोप नाही. किरणोत्सर्ग एक्स-रेपेक्षा बराच जास्त, नेहमीच्या सीटीपेक्षा मात्र कमी. शिवाय एकदा करून भागत नाही, दरवर्षी जावं लागतं.

अमेरिकेतला निकष असा : वय ५० ते ८०, आणि रोज २० सिगारेटी २० वर्षं किंवा रोज १० अशी ४० वर्षं. सोडली असेल तर १५ वर्षांच्या आत. बिडीचा हिशेब यात नाही. ती बारीक म्हणून सौम्य समजू नका.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त दिसलं, तर ही तुलनाच बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टर गाठा. सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकी फुकट तपासतात. टीबीच्या गोळ्या चालू असून उतार नसेल, तर कॅन्सरचं स्पष्ट विचारा.

मामांसाठी मी सीटी धरलंय. निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, म्हणून तिकडं. फोनवर 'लो-डोसच ना?' एवढं विचारून घेतलं. मामींच्या ट्रंकेत मामांच्या जुन्या टीबीचा एक्स-रे आहे, तो सोबत न्यायचाय. डाग जुना की नवा, हे त्यावरून ताडता येतं.