बालगृहातला करिअर वर्ग: स्वयंसेवकांसाठीच्या तीन प्रकारच्या उपक्रमांचं परीक्षण

बालगृहातलं मूल अठरा वर्षांचं झालं की त्याचा तिथला मुक्काम संपतो. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 46 मध्ये पुढच्या आधाराची, म्हणजे अनुरक्षणाची, तरतूद आहे आणि ती 21 व्या वर्षापर्यंत मिळू शकते. पण ती मागावी लागते, त्यासाठी कागद लागतात, आणि कुठले कागद लागतात हे मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून महाराष्ट्रातल्या संस्थांमध्ये स्वयंसेवक जे करिअर वर्ग घेतात, ते आम्ही एकाच कसोटीवर तपासतो: बाहेर पडल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांत यातलं काय कामी येतं?

पहिला प्रकार, कंपनीची एकदिवसीय कार्यशाळा. 5 पैकी 1 गुण. सभागृहात साठ मुलं, इंग्रजी स्लाइड, ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता’ हा प्रश्न, मग बायोडाटाचा नमुना आणि ग्रुप फोटो. बायोडाटा दहावी झालेल्या मुलाला फारसा लागतच नाही. आयटीआयला अर्ज ऑनलाइन असतो, कारखान्यात फॉर्म भरून घेतात. फोटोचा मुद्दा तर त्याहून गंभीर. याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चेहरा धूसर केला तरी मागच्या फलकावर संस्थेचं नाव वाचता येत असेल तर ओळख उघडच झाली. कंपनीकडे एकच दिवस असेल तर सभागृह सोडावं आणि आठ मुलांना आपल्या वर्कशॉपमध्ये किंवा स्टोअरमध्ये न्यावं. तो दिवस मुलांच्या लक्षात राहतो.

दुसरा प्रकार, आठ ते दहा आठवड्यांचा वर्ग. नीट आखला तर 4 गुण, नाहीतर 2. गट दहा-बाराच्या वर नको, वेळ दीड तास, आणि प्रत्येक तास स्वतंत्र पूर्ण व्हायला हवा. मुलाने कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीच्या आदेशाने मुलं मध्येच घरी जातात किंवा दुसऱ्या संस्थेत हलवली जातात, त्यामुळे ‘मागच्या वेळी बघितलं तसं’ या वाक्यावर उभा असलेला अभ्यासक्रम तिसऱ्या आठवड्यातच कोलमडतो. वर्ग डिसेंबर-जानेवारीत सुरू करावा, म्हणजे दहावीचा निकाल आणि आयटीआयचे प्रवेश येईपर्यंत कागद तयार असतात.

हे कागद हाच या वर्गाचा गाभा आहे. बहुतेक उपक्रम इथेच कच्चे राहतात, कारण स्वयंसेवकांना ते काम शिकवण्यासारखं वाटत नाही. अडचण कुठे येते ते बघा. अठराच्या आत स्वतःच्या नावावर सिमकार्ड मिळत नाही, म्हणून आधारला जोडलेला नंबर अधीक्षकांचा, संस्थेच्या जुन्या कर्मचाऱ्याचा किंवा बंद पडलेला असतो. मुलगा बाहेर पडतो आणि प्रत्येक ओटीपी भलत्याच फोनवर जातो. डिजिलॉकर उघडत नाही, बँकेचं केवायसी अडतं. आधारवरून मिळणारं मोफत ई-पॅनही अडकतं, कारण त्याला जोडलेला मोबाइल नंबर लागतो आणि आधारवर पूर्ण जन्मतारीख लागते, नुसतं साल चालत नाही. सापडलेल्या मुलांचं वय अंदाजाने ठरवलेलं असतं, तेव्हा दाखल्यावर एक तारीख आणि आधारवर दुसरी, हे सर्रास दिसतं. नावाचंही तसंच: शाळेत आडनाव आहे, आधारवर नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद अद्ययावत झाली आहे का, हे आधी बघावं. राहिली असेल तर पुढे ठसे जुळत नाहीत आणि सिमपासूनच अडतं. मग शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव आणि तारीख अक्षर-अक्षर ताडून पाहावी. दुरुस्ती संस्थेत असतानाच करून घ्यावी, अधीक्षकांची सही आणि शिक्का तिथे हाताशी असतो. अठरा झाले की स्वतःचं सिम, तो नंबर आधारला, मग डिजिलॉकर, पॅन आणि बँक. एका मुलामागे एक प्लॅस्टिक फोल्डर, वर कागदांची यादी, आत मूळ प्रती वेगळ्या आणि झेरॉक्स वेगळ्या. मूळ कागद स्वयंसेवकाने घरी नेऊ नयेत.

महाराष्ट्रात अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे, आणि त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. इथे उत्साहाच्या भरात चूक होते. बालगृहातलं प्रत्येक मूल अनाथ नसतं. अनेकांची आई किंवा वडील हयात असतात. फाइल न बघता ‘तुला आरक्षण मिळेल’ असं सांगू नये.

या वर्गातला सर्वांत उपयोगी तास पगारपत्रकाचा. फळ्यावर मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 14,000 रुपये लिहा. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) 12 टक्के म्हणजे 1,680, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) 0.75 टक्के म्हणजे 105, व्यवसाय कर 200. हातात 12,015. मुलींना महिना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून त्यांच्या हातात 12,215. पीएफचे पैसे बुडाले नाहीत, मालकही तेवढेच भरतो, ईएसआयमुळे दवाखाना मिळतो, हे इथेच समजवावं. ‘पगार चौदा सांगितला, दिला बारा’ म्हणून पहिल्याच महिन्यात काम सोडणं त्यामुळे टळतं. शिकाऊ उमेदवाराला मात्र पगार नसतो, विद्यावेतन असतं, आणि शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पीएफ कापला जात नाही. चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलाला हा फरक करारावर सही करण्याआधी कळायला हवा.

मुलाखतीचा सराव घ्या, पण इंग्रजीत स्वतःची ओळख करून देण्याचा नको. मुलं अडखळतात ती ‘घरी कोण कोण असतं?’ या प्रश्नाला. त्याचं छोटं, खरं आणि स्वतः निवडलेलं उत्तर तोंडात बसायला हवं: ‘मी संस्थेत राहून शिकलो, आता हॉस्टेलवर राहतो.’ याहून जास्त सांगायची सक्ती नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावं. फॉर्मवर आपत्कालीन संपर्काचा रकाना असतो. तिथे कुणाचं नाव घालायचं हे त्या व्यक्तीला विचारून आधीच ठरवावं. रकाना कोरा दिसला की पुढचे प्रश्न सुरू होतात.

आयटीआयबद्दल बोलताना फक्त इलेक्ट्रिशियन आणि फिटर सांगून थांबू नये. दोन्ही दोन वर्षांचे आहेत आणि दहावी मागतात. दहावीला अडकलेल्या मुलासाठी वेल्डर आहे: आठवी पास चालतं, एक वर्षाचा कोर्स.

तिसरा प्रकार, एका मुलामागे एक मार्गदर्शक. 5 पैकी 5, पण अट कडक आहे: साडेसतराव्या वर्षी सुरुवात आणि किमान एकोणिसाव्यापर्यंत साथ. आठवड्यातून एक ठरलेला फोन, महिन्यातून एक भेट. काम बारीकसारीक असतं: मालकाने पगार थकवला तर कुणाकडे जायचं, खोलीच्या डिपॉझिटची पावती कशी मागायची, केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून अनुरक्षणासाठी मिळणाऱ्या दरमहा 4,000 रुपयांचा अर्ज कुठवर आला. पैसे उसने देऊ नयेत, नोकरीचा शब्द देऊ नये. तीन महिन्यांत गायब होणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा नसलेला बरा. ज्यांची बदली होणार आहे त्यांनी वर्ग घ्यावा, मार्गदर्शक होऊ नये.

नाव नोंदवण्याआधी संयोजकांना विचारा: पोलीस पडताळणी आणि संस्थेची लेखी परवानगी कोण बघतं? वर्गात संस्थेची एक ताई किंवा दादा सतत हजर असतात का? वर्ग संपल्यावर मुलांची कागदांची यादी कुणाच्या ताब्यात राहते? पहिल्या दोन प्रश्नांना टाळाटाळ झाली तर तिथे जाऊ नका. तिसऱ्याला उत्तर नसेल तर जा, आणि पहिल्याच दिवशी अधीक्षकांकडून एक रजिस्टर मागून घ्या.