निवांत बाहुलीनाट्याची पूर्वतयारी: घरी चित्रपुस्तिका की नाट्यगृहात बाहुल्यांची भेट?

तिसरी घंटा झाली की प्रेक्षागृह चिडीचूप व्हावे, ही सांगलीच्या नाट्यरसिकांची जुनी शिस्त आहे. निवांत प्रयोगात ती मुद्दाम सैल केलेली असते: दिवे मंद पण चालू असतात, ध्वनी कमी ठेवलेला असतो, दार उघडे असते आणि कोणी मध्येच उठले, बोलले किंवा बाहेर जाऊन परत आले तरी हटकले जात नाही. स्वमग्न मुले, बौद्धिक दिव्यांग व्यक्ती, स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा यांना या सवलतींचा उपयोग होतो. पण अनोळखी जागेची आणि अनोळखी चेहऱ्यांची धास्ती केवळ सवलतींनी जात नाही. त्यासाठी आयोजक दोन प्रकारची तयारी देऊ शकतात आणि वेळ मर्यादित असेल तर पालकांना त्यांतून एक निवडावी लागते.

पहिली म्हणजे चित्रपुस्तिका. प्रवेशद्वार, पायऱ्या, खुर्च्या, स्वच्छतागृह, शांत खोली आणि प्रत्येक बाहुली यांची छायाचित्रे, सोबत साधी वाक्ये: ‘आता घंटा वाजेल. आवाज मोठा वाटला तर मी कान झाकू शकतो.’ कथानक शेवटासह आधीच सांगितलेले असते, कारण येथे उत्कंठेपेक्षा अंदाज येणे महत्त्वाचे. पुस्तिका कितीही वेळा वाचता येते, आणि जत किंवा आटपाडीहून येणाऱ्या कुटुंबालाही ती व्हॉट्सॲपवर आधी मिळू शकते. मात्र छायाचित्रे त्याच नाट्यगृहाची हवीत. दुसऱ्याच सभागृहाचा फोटो वापरला, तर शब्दशः अर्थ घेणारे मूल दारातच अडते. शिवाय छायाचित्रात वीतभर बाहुली आणि पुरुषभर बाहुली सारखीच दिसते.

ही उणीव दुसरा मार्ग, म्हणजे प्रयोगापूर्वीची भेट, भरून काढतो. खुंटीला मान टाकून लटकलेली बाहुली कलावंत हातात घेतो, बोटे आत सरकवतो आणि तिची मान ताठ होते. पुन्हा खुंटीला लावली की ती निपचित पडते. हे डोळ्यांसमोर घडले, तर नाटकात बाहुली कोसळल्यावर ती ‘मेली’ असे वाटून होणारी घालमेल बरीच टळते. पण कोणती बाहुली आहे, यावर भेटीचे मोल ठरते. हातमोजी बाहुली निर्धास्तपणे हाताळू देता येते. कळसूत्री बाहुलीचे दोरे गुंततात (विष्णुदास भाव्यांनीही अशा बाहुल्या घडवल्या होत्या, तेव्हा सांगलीला हा प्रकार नवखा नाही), म्हणून स्पर्शासाठी तिच्यासारखी वेगळी बाहुली ठेवावी. छायाबाहुल्यांच्या खेळाला अंधार लागतो. अशा वेळी पडद्यामागे नेऊन दिवा आणि सावली दाखवणे मला जवळजवळ अनिवार्य वाटते. भेटीचा तोटा उघड आहे: लवकर यावे लागते, गर्दी झाली तर गोंगाट वाढतो आणि खेळ सुरू होण्याआधीच मूल थकते.

पहिल्यांदाच नाटकाला येणाऱ्या मुलासाठी एकच मार्ग शक्य असेल, तर मी पुस्तिकेला झुकते माप देईन. भेट कितीही चांगली झाली, तरी घरापासून खुर्चीपर्यंतच्या वाटेची तयारी तिने होत नाही. बाहुलीच्या स्थिर डोळ्यांची आधीपासूनच भीती असलेले मूल आणि दृष्टिबाधित प्रेक्षक यांच्यासाठी मात्र भेटच उपयोगी. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीलाही आठवड्यापूर्वी वाचलेल्यापेक्षा आत्ता हाताला लागलेले अधिक जवळचे वाटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सांस्कृतिक जीवन व मनोरंजनातील सहभागाचा हक्क मान्य करतो, तेव्हा अशी तयारी मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. पुस्तिका किती दिवस आधी मिळेल, बाहुल्या कोणत्या प्रकारच्या आहेत आणि भेटीसाठी एका वेळी किती जणांना सोडणार, हे तिकीट काढतानाच विचारावे. सर्वांना एकदम सोडणार असतील, तर भेट टाळून पुस्तिकेवरच भिस्त ठेवावी.