चावी मिळाली, पण घर त्याचे नव्हतेच : नाशिकमधील दोन महिन्यांच्या भाड्याची फसवणूक

वडिलांच्या उपचारांसाठी नाशिकमध्ये दोन महिन्यांपुरते घर घेताना माझ्याकडून ५१,७०० रुपये उकळण्यात आले आणि त्यांपैकी आजपर्यंत केवळ २,००० रुपये परत मिळाले आहेत. नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतून रुग्ण घेऊन नाशिकला येणाऱ्या कुटुंबांपैकी कोणाचे तरी पैसे वाचावेत, एवढ्यासाठी हा सगळा प्रकार रकमांसह लिहीत आहे.

इंटरनेटवर घराचे फोटो टाकायचे, आपण सैन्यात असून बदली झाल्याचे सांगायचे, क्यूआर कोड पाठवून टोकन उकळायचे आणि फोन बंद करायचा, हा प्रकार आता सर्वांना माहीत आहे. मलाही तो माहीत होता. म्हणूनच घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही, असे मी ठरवले होते आणि तसेच वागलो. घर पाहिले, नळाला पाणी येते का ते पाहिले, चावी हातात घेतली, सामान लावले, तेथे राहिलो. ज्या खबरदारीमुळे माणूस सुरक्षित राहतो असे आपण मानतो, ती सगळी घेऊनही मी फसवला गेलो. कारण चावी देणाऱ्या माणसाला ती देण्याचा अधिकारच नव्हता.

आधी हे सांगणे आवश्यक आहे की, दोन महिन्यांसाठी नाशिकमध्ये घर शोधणे म्हणजे काय असते. वडिलांना घशाचा कर्करोग. आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन आणि ते मध्येच खंडित होता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावलेले. शासकीय योजनेतून उपचारांचा खर्च निघतो. राहण्याचा निघत नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोडकडचे भाडे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा या बाजूला घरे होती, पण मालकांना अकरा महिन्यांचा करार हवा होता आणि दलालांना दोन महिन्यांच्या राहण्यासाठीही पूर्ण एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून हवे होते. एका मालकाने सगळे ठरवल्यानंतर आजाराचे नाव ऐकले आणि घर द्यायचे नाही असे कळवले. दुसरीकडे तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. पंचवटीतल्या धर्मशाळांत यात्रेकरूंना थोड्या दिवसांसाठी जागा मिळते, आम्हाला आठवडे काढायचे होते. ठक्कर बाजारजवळच्या लॉजमध्ये खोली मिळत होती, परंतु वडिलांना भाताची पेज, मुगाचे कढण, नाचणीची आंबील यांपलीकडे काही गिळता येत नव्हते आणि लॉजमध्ये स्वयंपाकघर नसते. त्यात प्रत्येक घर पाहायला रिक्षा करावी लागे आणि मीटरप्रमाणे जायला कोणी तयार नसे. या परिस्थितीत रुग्णालयाजवळच्या चहाच्या टपरीवर ‘रुग्णांच्या नातेवाइकांसाठी फर्निश्ड फ्लॅट, दलाली नाही’ असा छापील कागद दिसला आणि मी त्यावरच्या क्रमांकावर फोन केला. अशा कागदांवरील क्रमांकांना फोन करू नका. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे निवासाची यादी आहे का, हे आधी विचारा.

तो माणूस तासाभरात आला. तिशीतला, नीटनेटका, बोलण्यात अत्यंत आर्जवी. आईला पाहताच खाली वाकून नमस्कार केला. “मावशी, तुम्ही पेशंट घेऊन आलात, तुमच्याकडून दलाली घेतली तर मला देव माफ करील का?” असे म्हणाला. पाथर्डी फाट्याजवळच्या सोसायटीतला तळमजल्यावरचा वन बीएचके त्याने दाखवला. पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, सगळे होते. भाडे महिना १४,००० रुपये, दोन्ही महिन्यांचे आगाऊ, डिपॉझिट २०,००० रुपये, एकूण ४८,०००. शिवाय सोसायटीचे १,५०० आणि गॅस सिलिंडरचे २,२०० रुपये रोख. मी टोकन म्हणून ५,००० रुपये जागेवरच दिले आणि संध्याकाळी उरलेले ४३,००० यूपीआयने पाठवले.

त्या संध्याकाळचा विचार माझ्या मनातून जात नाही. ४३,००० रुपये पाठवताना मोबाइलच्या पडद्यावर खातेदाराचे नाव आले, ते एका स्त्रीचे होते आणि आडनाव या माणसाचे नव्हते. मी विचारले. “बायकोचं खातं आहे, लग्नाआधीचं नाव आहे,” असे उत्तर आले. पैसे पाठवून झाल्यावर आई स्वयंपाकघरातला ओटा पुसत होती, तेव्हा कपाटावर महावितरणचे वीजबिल पडलेले तिला दिसले आणि त्यावर तिसरेच आडनाव होते. मी तेही विचारले. “मामांच्या नावावरचं मीटर आहे, बदलायचं राहून गेलं,” असे तो म्हणाला. म्हणजे एकाच घराच्या व्यवहारात, एकाच संध्याकाळी, तीन आडनावे माझ्यासमोर आली होती. बिल हातात होते, त्यावर ग्राहक क्रमांक होता, ज्याचे नाव छापले होते त्याला शोधणे अशक्य नव्हते. शेजारचे दार ठोठावून “हे घर कोणाचे?” एवढा एकच प्रश्न विचारला असता, तरी पुढचे सगळे टळले असते.

तरीही मी विचारतो की, माझ्या जागी असलेल्या माणसाने काय करायला हवे होते? आमच्या गावच्या घराचे मीटर अजूनही आजोबांच्या नावावर आहे आणि त्यांना जाऊन कित्येक वर्षे झाली. निम्म्या महाराष्ट्रातल्या घरांचे तसेच असेल. बायकोच्या खात्यावर व्यवहार करणारे लोक माझ्या नात्यात आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांचे पहिले रेडिएशन होते, ते बाहेर रिक्षात बसून होते आणि त्यांना बसवत नव्हते. दोन्ही उत्तरे खरी असू शकत होती. अशा माणसांना नेमके हेच ठाऊक असते की, कोणती उत्तरे खरी वाटतात आणि कोणत्या माणसाला ती तपासायला वेळ नाही.

करारनाम्याचे त्याने “दोन महिन्यांसाठी कोण करार करतो, काका?” असे सांगून टाळले. हे वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकले, तर तेथून उठून या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, ती जबाबदारी घर देणाऱ्यावर आहे, आणि न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी ऑनलाइन होते, आधारवर अंगठा लागतो, आणि खोट्या मालकाला नेमके तेच नको असते.

आठवडा उलटायच्या आत खरे मालक दारात उभे राहिले. ते ठाण्याला राहतात. त्यांनी हे घर या माणसाला अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत कराराने ११,५०० रुपये भाड्याने दिले होते, पोटभाडेकरू ठेवायचा नाही अशी अट करारात होती, आणि तीन महिन्यांचे भाडे थकल्यामुळे ते स्वतः पाहायला आले होते. वीजबिलावरचे नाव त्यांचेच होते. “तुमच्याविषयी माझी तक्रार नाही, पण मी तुम्हाला घर दिलेलंच नाही,” असे ते म्हणाले आणि दोन दिवसांची मुदत देऊन गेले. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही, असे मात्र मी लिहू शकत नाही. ज्यांनी घर दिल्यानंतर तेथे एकदाही पाऊल टाकले नाही, त्यांच्या निष्काळजीपणाची किंमत आम्ही मोजली. त्याहून संताप वॉचमनचा आला. “इथं दर महिन्याला नवीन पेशंट येतात, मला वाटलं साहेबांना माहीत असेल,” असे त्याने शांतपणे सांगितले. दर महिन्याला नवे कुटुंब येताना पाहणाऱ्या सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना मूळ मालकाला एक फोन करावासा वाटला नाही. घर पाहायला जाल तेव्हा वॉचमनला आणि सेक्रेटरींना मालकाचे नाव विचारा, आणि ते घर दाखवणाऱ्याच्या पाठीमागे विचारा.

मी त्या माणसाला फोन केला. त्याने उचलला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो ओरडला नाही, पळाला नाही. “काका, गैरसमज झालाय, मी तुमचा पैसा बुडवणार नाही,” असे म्हणून त्याने त्याच दिवशी २,००० रुपये माझ्या खात्यावर पाठवले आणि उरलेले आठवड्यात देतो म्हणाला. मला त्या क्षणी बरे वाटले. त्या २,००० रुपयांचा उपयोग काय होता, ते मला पोलीस ठाण्यात कळले.

वडिलांना लॉजवर ठेवून मी तक्रार द्यायला गेलो. पहिल्या ठाण्यात सांगण्यात आले की, पैसे यूपीआयने गेले असल्यामुळे हे सायबर पोलिसांचे काम आहे. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन केला, पोर्टलवर तक्रार नोंदवली. सायबरकडून सांगण्यात आले की, माणूस प्रत्यक्ष भेटलेला आहे आणि पैसे मी स्वतः पाठवलेले आहेत, म्हणून हे स्थानिक ठाण्याचे काम आहे. परत ठाण्यात गेलो, तर टोकन रुग्णालयाजवळ दिले की घरात, यावरून हद्दीचा प्रश्न काढण्यात आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी म्हणालो, तेव्हा ठाणे अंमलदारांनी “तुम्ही वकील आहात का?” असे विचारले. शेवटी अर्ज वाचला गेला आणि उत्तर मिळाले की, समोरच्याने २,००० रुपये परत केले आहेत, म्हणजे त्याची देण्याची तयारी आहे, म्हणजे फसवणुकीचा हेतू नाही, म्हणजे हा दिवाणी वाद आहे. ५१,७०० रुपये घेऊन २,००० परत केले की माणूस प्रामाणिक ठरतो, हे मी प्रथमच ऐकले. दुसऱ्याचे घर आपले म्हणून दाखवणे, ही लबाडी पैसे घेण्याच्या आधीची आहे. भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८(४) साठी आणखी कोणता हेतू लागतो? मला अदखलपात्र नोंदीचा कागद देण्यात आला, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करणार नाहीत अशी नोंद, आणि “करारनामा असता तर काही करता आलं असतं,” असेही सांगण्यात आले. जो करार न करणे हाच मुळात समोरच्याचा गुन्हा आहे, तो नसल्याचा दोष माझ्या पदरात टाकण्यात आला.

बँकेत वेगळे काही घडले नाही. ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवायला पोलिसांचे पत्र हवे, आणि गुन्हा नोंदल्याशिवाय पोलीस पत्र देत नाहीत. ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रक काढले होते, पण मी पैसे स्वतः पाठवल्यामुळे ते मला लागू होत नाही, असे व्यवस्थापकांनी सांगितले, आणि ते बरोबर होते. रेराकडे, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, जावे म्हटले, तर तो कायदा विक्रीच्या व्यवहारांचा आहे, भाड्याची घरे दाखवणारे त्यात येतच नाहीत. म्हणजे घर विकणाऱ्या एजंटला नोंदणी क्रमांक लागतो, आणि आजारी माणसाला चार भिंती दाखवून पैसे घेणाऱ्याला काहीही लागत नाही. एकेका कार्यालयातले उत्तर ऐकून बाहेर पडताना मला दर वेळी रेडिएशनची वेळ गाठण्यासाठी धावावे लागत होते, आणि लॉजचे रोजचे १,१०० रुपये वेगळे चालू होते.

म्हणून सांगतो. पैसे पाठवण्यापूर्वी घराची घरपट्टीची पावती किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) मागा आणि त्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव जुळवा. एक जरी जुळले नाही, तरी कारण ऐकत बसू नका. घर दाखवणारा स्वतः भाडेकरू असेल, तर मूळ मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला. पूर्ण मुदतीचे भाडे आगाऊ देऊ नका. एक महिन्याचे द्या. रोख दिलेल्या रकमेची पावती घ्या, माझे ३,७०० रुपये कोठेच दिसत नाहीत. थोडी रक्कम परत आली, तर त्याच वेळी संदेश पाठवून लिहून ठेवा की, ही अंशतः परतफेड आहे आणि तक्रार कायम आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी आतापासून खोल्या ठरवणाऱ्यांनीही हे वाचावे, कारण घाईत आलेला परगावचा माणूस या लोकांना पुरेसा असतो.

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही, म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे मी पोलीस उपायुक्तांना टपालाने लेखी अर्ज पाठवला आहे; त्याची पोच आली आहे, उत्तर आलेले नाही. ते न आल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करणार आहे. वॉचमनच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या आधीही त्या घरात कुटुंबे राहून गेली आहेत, आणि त्यांच्यापैकी मालेगावच्या एका कुटुंबाशी माझे फोनवर बोलणे झाले. त्यांचे १८,००० रुपये डिपॉझिट बुडाले आहे. पाथर्डी फाट्याच्या या घरासाठी किंवा रुग्णालयाजवळच्या अशाच कागदावरून ज्यांनी पैसे दिले असतील, त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नये. व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि घर ज्या हद्दीत आहे त्याच ठाण्यात स्वतंत्र लेखी तक्रार द्या, कारण एकाच माणसाने एकाच पद्धतीने अनेकांकडून पैसे घेतल्याचे कागदावर आले, की दिवाणी वाद म्हणून हात झटकणे पोलिसांना अवघड जाईल.