पद्मिनीच्या पत्र्यावर शिसं आणि लांबी: एका पावसाळ्यानंतर

मागच्या उन्हाळ्यात माझी जुनी प्रीमियर पद्मिनी डेंटिंगला टाकली, तेव्हा डेंटरमामांशी बरीच चर्चा झाली, की पत्र्याचे खड्डे भरायला लांबी (पुट्टी) भरायची का शिसं वितळवून चढवायचं. शेवटी दोन्ही वापरलं. दारांच्या कडा आणि मागचं मडगार्ड जिथे खाली पत्र्याला मिळतं तो सांधा शिशाने. दारांचा सपाट भाग आणि बॉनेट पॉलिएस्टर लांबीने. गाडी उघड्यावरच असते आणि मुंबईचा अख्खा पावसाळा तिने अंगावर काढलाय.

कडांचा निकाल एकदम स्पष्ट आहे. याच कडेला आधीची लांबी दार आपटून आपटून खपलीसारखी निघाली होती. शिशाला अजून साधा तडाही नाही, कारण ते पत्र्याला धातू म्हणूनच धरतं. पत्रा लखलखीत घासून आधी कथलाचा पातळ थर देतात, त्यावर शिशाची कांडी. 70 टक्के शिसं, 30 टक्के कथील असलेली कांडी 183 अंशांना मऊ व्हायला लागते आणि साधारण 255 ला पूर्ण वितळते. या मधल्या टप्प्यातच चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने तिला आकार द्यायचा. ज्योत जरा रेंगाळली की सगळं खाली ओघळतं. मामांचा हात बघत राहावा असा आहे. काम झाल्यावर त्यांनी कड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली. कथील धरावं म्हणून लावलेलं अ‍ॅसिड राहिलं तर पुढे रंग फुगतो.

बॉनेटवर मात्र शिशाचा हट्ट धरू नका. मोठ्या सपाट पत्र्याला एवढी आच दिली की तो हमखास लहरतो. तिथे ठोकून पत्रा जमेल तितका सरळ करायचा आणि वर लांबीचा दोन-तीन मिलिमीटरचाच हात. माझं बॉनेट आजही आरशासारखं आहे. हार्डनर, म्हणजे लांबी घट्ट करायला मिसळतात ते रसायन, लांबीच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास ठेवा, घाईसाठी वाढवलं तर रंगावर डाग उमटतात. लांबी ओल शोषते, त्यामुळे घासून झाली की प्राइमर लगेच मारायला सांगा, पावसात उघडी ठेवू देऊ नका. आणि गंजून भोक पडलं असेल तर दोन्ही विसरा, आधी वेल्डिंगने नवा पत्रा लावून घ्या.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक: चुंबक लांबीवर चिकटत नाही तसं शिशावरही चिकटत नाही. तेवढ्यावरून गाडी नाकारू नका, बोटाने ठोकून आवाज ऐका.

मजुरी शिशाला कितीतरी जास्त लागते. रोजच्या वापराच्या गाडीला नीट भरलेली लांबी पुरते, असं माझं मत आहे. जुनी गाडी जपायची असेल तर कडा आणि सांध्यांपुरतं शिसं घ्याच, पण ग्राइंडर लावू देऊ नका. ते कानसीनेच उतरवायचं, कारण शिशाची धूळ विषारी आहे. तोंडाला मास्क हवा, हात धुतल्याशिवाय चहासुद्धा नको, आणि त्या कपड्यांनी घरी लहान मुलांना उचलू नका.